चौथा करार संपताना: चाकणमधील एका ऑपरेटरच्या नूतनीकरणाचे प्रकरण

पुणे-नाशिक महामार्गालगतच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, आयटीआय झालेला एक सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र चालवणारा) ऑपरेटर १ ऑगस्ट २०२० रोजी ११ महिन्यांच्या नेमणूकपत्रावर रुजू झाला. ३० जून २०२१ रोजी ती मुदत संपली, सात दिवसांचा ‘ब्रेक’ मिळाला आणि ८ जुलैपासून पुढच्या ११ महिन्यांचे नवे पत्र हाती आले. त्यानंतर १८ जून २०२२ आणि २५ मे २०२३ पासूनची आणखी दोन पत्रे झाली. चौथ्या पत्राप्रमाणे त्याची नोकरी २४ एप्रिल २०२४ रोजी संपणार होती. या लेखात मुख्यतः त्या तारखेच्या आधीच्या सहा-सात आठवड्यांचा विचार केला आहे, कारण कामगाराचे हक्क शाबूत राहणार की त्याच्याच सहीने सुटणार, हे या प्रकारच्या प्रकरणांत बहुधा त्याच काळात ठरते.

हे प्रकरण रचलेले आहे. ते कोणा एका व्यक्तीचे किंवा एका कंपनीचे नाही. मात्र त्यातले कागद अशा नोकऱ्यांत नेहमी पुढे येणारे आहेत आणि त्यांना लागू होणारा कायदा, निवाडे व मुदती खऱ्या आहेत.

कामाचे स्वरूप आणि ब्रेकचा अर्थ

पत्रे चार होती, पण मशीन एकच होते. चारही करारांत हा कामगार त्याच शॉपमध्ये, त्याच लाइनवर, तीन पाळ्यांत काम करत होता. ब्रेकच्या दिवसांत मशीन बंद राहत नसे, दुसऱ्या पाळीचा माणूस ते चालवत असे. २०२२ च्या ब्रेकमध्ये एका नव्या जॉबचे सेटिंग जमेना, तेव्हा याला फोन करून दोन दिवस बोलावून घेतले. त्या दोन दिवसांची नोंद हजेरीपटावर झाली नाही. गेटवरच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये त्याचे नाव लिहिले गेले आणि पैसे व्हाउचरवर दिले गेले. पुढे हे व्हाउचर फार महत्त्वाचे ठरले.

त्याहून महत्त्वाची ठरली ती भविष्य निर्वाह निधीची नोंद. पीएफचे पासबुक उघडून पाहिले तेव्हा ऑगस्ट २०२० पासून एकाही महिन्याची वर्गणी चुकलेली नव्हती. ब्रेक एका महिन्याच्या आतलाच असल्याने प्रत्येक महिन्यात थोडेफार दिवस भरलेलेच होते. त्याशिवाय पहिल्या तीन करारांच्या शेवटी कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरलीच नव्हती आणि सदस्य क्रमांकही चारही करारांना एकच होता. म्हणजे नेमणूकपत्रांत कंपनी म्हणत होती की नोकरी तीनदा संपली, आणि पीएफ कार्यालयाला कळवत होती की ती चालूच आहे. कामगाराच्या बाजूने याहून स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो, आणि तो त्याच्या मोबाइलवरच असतो.

चौथ्या पत्रात एक लहानसा बदल होता. ‘ऑपरेटर’ऐवजी ‘लाइन लीडर’ असे पद लिहिले होते. पगारात फरक नव्हता, कामातही नव्हता. सही करताना त्याला तो बढतीसारखा वाटला. तो तसा नव्हता, हे पुढे येईलच.

मार्च २०२४: तीन कागद

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एचआर विभागातून बोलावणे आले. अधिकाऱ्याचे बोलणे सौम्य होते. “तुमचा करार या वेळी वाढणार नाही, पण काम जाणार नाही. मे महिन्यापासून तुम्ही ठेकेदाराच्या रोलवर याल. मशीन तेच, पाळी तीच. फक्त हे तेवढे भरून द्या.” समोर तीन कागद होते. पहिला राजीनाम्याचा. त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे छापलेले होते आणि तारखेची जागा कोरी होती. दुसरा ‘फुल अँड फायनल’चा. त्यात रकमेची जागा कोरी होती, पण तिच्या खाली ‘माझा कंपनीविरुद्ध कोणत्याही स्वरूपाचा दावा शिल्लक राहिलेला नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेले होते. तिसरा ठेकेदाराकडच्या नोकरीचा अर्ज होता.

“साहेब, घरी दाखवून दोन दिवसांत देतो,” एवढेच तो म्हणाला आणि कागदांचे फोटो काढून घेतले. कायद्याच्या दृष्टीने त्याने केलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट होती. त्याच्याबरोबरच्या बहुतेकांनी त्याच दिवशी सह्या केल्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. खोलीचे भाडे, गाडीचा हप्ता आणि जूनमधली मुलांच्या शाळेची फी समोर दिसत असताना ‘काम जाणार नाही’ या वाक्यावर माणूस विश्वास ठेवतो.

या तीन कागदांचा एकत्रित परिणाम काय झाला असता, ते नीट समजून घ्यायला हवे. राजीनामा दिला की कंपनीने नोकरी संपवली असे म्हणताच येत नाही, आणि मग नोटीस, भरपाई किंवा अनुचित प्रथा यांपैकी कोणताच प्रश्न सहजासहजी उभा राहत नाही. सही दबावाखाली घेतली, हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो. ठेकेदाराचा अर्ज भरला की त्याचा कायदेशीर मालक बदलतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला यांच्या प्रकरणांत स्पष्ट केले आहे की महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार चालण्यासाठी मालक-कामगार हे नाते निर्विवाद असावे लागते. ठेकेदाराच्या रोलवरच्या माणसाला आधी हे नाते दुसऱ्या मंचावर सिद्ध करावे लागते, आणि त्यात अनेक वर्षे जाऊ शकतात. त्याच वर्षीच्या स्टील अथॉरिटीच्या निकालानंतर कंत्राटी कामगारांना मूळ कंपनीत आपोआप सामावून घेण्याचा मार्गही उरलेला नाही. म्हणजे २४ एप्रिलपर्यंत या कामगाराच्या हातात असलेला सर्वांत जलद उपाय त्या तिसऱ्या कागदावरच्या सहीने जवळपास बंद झाला असता.

नूतनीकरणाचा हक्क आहे का?

याचे उत्तर सरळ आहे, आणि कामगारांना ते आवडत नाही. मुदतीचा करार पुन्हा वाढवून मिळालाच पाहिजे, असा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्यात नाही. या प्रकरणाच्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९८४ साली कलम २(ओओ)(बीबी) घालण्यात आले. त्यानुसार मुदत संपल्यावर करार न वाढवल्यामुळे नोकरी संपली, तर तिला कामगार कपात म्हणता येत नाही. कपात नाही म्हटल्यावर कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई देण्याचे बंधनही उरत नाही. साखर कारखान्यातला गाळप हंगाम संपल्यावर हंगामी कामगार घरी जातो, तेव्हा ती कपात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मोरिंडा साखर कारखान्याच्या प्रकरणात मान्य केले होते, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे कामच संपलेले असते.

चाकणच्या या कारखान्यात मात्र काम संपलेले नव्हते. २५ एप्रिलला तेच मशीन, तोच जॉब, त्याच गिऱ्हाइकासाठी चालणार होते, आणि कंपनी स्वतःच सांगत होती की ते हाच माणूस चालवेल. इथे प्रश्न नूतनीकरणाचा राहत नाही. हा करार मुळात खऱ्या अर्थाने मुदतीचा होता का, की कायमच्या कामावर ठेवलेल्या माणसाला कायमपण नाकारण्यासाठी मुदतीचे कागद केले गेले, हा प्रश्न पुढे येतो. २००३ मध्ये निलजकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एखाद्या तात्पुरत्या प्रकल्पासाठी नेमणूक असल्याच्या आधारावर या अपवादाचा फायदा घ्यायचा असेल, तर काम खरोखर तात्पुरते होते, कामगाराला त्याची सुरुवातीलाच कल्पना दिली होती आणि प्रकल्पाबरोबरच नोकरी संपली, हे मालकाने दाखवले पाहिजे. २०१४ च्या हिंडाल्कोच्या निकालात तर सहा वर्षांच्या आसपास पुनःपुन्हा करार करून आणि मध्ये कृत्रिम खंड पाडून कामावर ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवून कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश झाला. तो निकाल उत्तर प्रदेशच्या कायद्याखालचा होता, आणि त्या राज्याच्या कायद्यात (बीबी) सारखी तरतूद नाही, हा फरक कंपनीचे वकील दाखवणारच. तरीही कृत्रिम खंडाबद्दलचे त्यातले विवेचन महाराष्ट्रात उपयोगी पडते, कारण आपल्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहावी बाब नेमके हेच सांगते: कायम कामगारांचे लाभ मिळू नयेत या हेतूने कोणाला बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेला), नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे.

यात ‘हेतू’ हा शब्द कळीचा आहे, आणि तो सिद्ध करणे अवघड असते. कोणतीही कंपनी हेतू लिहून ठेवत नाही. तो परिस्थितीवरून काढावा लागतो: सलग चार पत्रे, ब्रेकमध्येही चालू असलेले मशीन, ब्रेकमध्ये बोलावल्याचे व्हाउचर, पीएफमधली अखंड नोंद आणि आता त्याच मशीनवर ठेकेदारामार्फत त्याच माणसाला आणण्याचा प्रस्ताव. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचे काही ना काही स्पष्टीकरण देता येते. सगळ्या एकत्र ठेवल्या की ते अवघड होते.

२४० दिवस

१९४७ च्या कायद्यात कपातीचे संरक्षण मिळण्यासाठी बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस भरावे लागत. ११ महिन्यांच्या करारात ते सहज भरतात. मोजताना साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्सप्रेसच्या प्रकरणात १९८५ मध्येच सांगितले आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतही (कारखान्यातील सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांत), मागच्या १२ महिन्यांत एकूण २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. वाहन उद्योगात सात महिन्यांच्या नेमणुकांची पद्धत का रुळली, याचे उत्तर याच आकड्यात आहे. सात महिन्यांत २४० दिवस होतच नाहीत. या कंपनीने ११ महिने ठेवले, कारण तिला शिकलेला हात हवा होता, आणि त्यामुळे २४० ची रेषा तिनेच ओलांडली.

हे दिवस भरल्याचे सांगणे हे प्रथम कामगाराचे काम असते. मात्र हजेरीपट मालकाच्या ताब्यात असतात, म्हणून ते हजर करायला लावण्याचा अर्ज देता येतो, आणि मालकाने ते दडवले तर न्यायालय त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. या कामगाराजवळ प्रत्येक महिन्याची पगारपत्रके पीडीएफमध्ये होती व त्यांवर भरलेले दिवस छापलेले होते. कंपनीचे पोर्टल करार संपल्यावर बंद होते, हे ओळखून त्याने ती मार्चमध्येच उतरवून घेतली होती.

मंच आणि वेळ

सहाव्या बाबीखालची तक्रार औद्योगिक न्यायालयात होते. नोकरीतून काढल्यानंतरची, पहिल्या बाबीखालची तक्रार कामगार न्यायालयात होते. दोन्हींना ९० दिवसांची मुदत आहे. एकाच विषयासाठी १९७१ च्या आणि १९४७ च्या अशा दोन्ही कायद्यांखाली एकाच वेळी दाद मागता येत नाही. म्हणून कोणत्या दाराने जायचे, हे आधी ठरवावे लागते. नोकरी चालू असताना औद्योगिक न्यायालयात गेल्यास कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मागता येतो. हा फरक सामान्य कामगाराला कोणी समजावून सांगत नाही. नोकरी गेल्यावर पुन्हा कामावर घेण्याचा अंतरिम आदेश मिळणे फार दुर्मीळ. नोकरी असताना ‘कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कमी करू नये’ असा आदेश मिळण्याची शक्यता पुष्कळ अधिक. २४ एप्रिलच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा यांत इतके अंतर आहे.

आणखी एक अडचण इथे येऊ शकली असती. या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सहाव्या बाबीच्या कामात कामगाराला मान्यताप्राप्त संघटनेमार्फतच उभे राहता येते. अशी संघटना नसेल तरच तो स्वतः उभा राहू शकतो. या कारखान्यात मान्यताप्राप्त संघटना नव्हती. ती असती आणि तिने कंत्राटी मुलांचा विषय हाती घ्यायला नकार दिला असता, तर त्याची वाट अडलीच असती. कायम कामगारांच्या संघटनांनी हे कलम आपल्यावर टाकलेली जबाबदारी म्हणून वाचावे, असे मला मनापासून वाटते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने कंपनीला एक पत्र नोंदणीकृत डाकेने पाठवले. मजकूर एका पानाचा होता: मी राजीनामा दिलेला नाही व देणार नाही, मला माझ्या कामावर चालू ठेवावे, मी २४ एप्रिलनंतरही कामावर हजर होण्यास तयार आहे. त्याच आठवड्यात पुण्याच्या औद्योगिक न्यायालयात तक्रार आणि अंतरिम अर्ज दाखल झाले.

कंपनीचे उत्तर अपेक्षित होते. प्रत्येक करारावर त्याने राजीखुशीने सही केली. मुदत संपणे म्हणजे कपात नव्हे. आणि तो लाइन लीडर, म्हणजे पर्यवेक्षक असल्यामुळे कायद्याच्या व्याख्येतला कामगारच नाही. चौथ्या पत्रातल्या त्या शब्दाचा उपयोग इथे झाला. दरमहा १०,००० रुपयांवर वेतन घेणारा पर्यवेक्षक १९४७ च्या कायद्याच्या व्याख्येतून वगळला जात असे. पण न्यायालये पदनामाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाकडे पाहतात. पाळीच्या उत्पादन-पत्रकावर मशीन क्रमांकासमोर रोज त्याचीच सही होती. कोणाची रजा मंजूर केल्याचा किंवा कोणाला काम वाटून दिल्याचा एकही कागद कंपनीला दाखवता आला नाही. अंतरिम आदेश त्याच्या बाजूने झाला आणि २५ एप्रिलला तो नेहमीच्या पाळीला आत गेला.

तडजोड

मूळ तक्रारीचा निकाल लागला नाही. वर्षभरानंतर कंपनीने तडजोड पुढे केली: त्याला कायम करायचे, पण मागच्या वर्षांतला कायम कामगारांच्या आणि त्याच्या वेतनातला फरक त्याने सोडून द्यायचा. बोलणी पैशांवर अडली नाहीत, रुजू होण्याच्या तारखेवर अडली. कंपनीला तडजोडीच्या दिवसापासूनची नवी नेमणूक हवी होती. कामगाराचा आग्रह होता की सेवा १ ऑगस्ट २०२० पासून सलग धरली जावी. ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेसाठी) कायम कामगाराला पाच वर्षांची सलग सेवा लागते. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये होते. १५ भागिले २६ च्या हिशेबाने (महिन्याचे २६ दिवस धरून १५ दिवसांचे वेतन) दर वर्षामागे ९,००० रुपये होतात. नवी नेमणूक घेतली असती, तर आधीच्या वर्षांची ही रक्कम तर गेली असतीच, शिवाय ज्येष्ठतेत तो सर्वांत शेवटी लागला असता, आणि कधी कपात झालीच तर ‘शेवटी आला तो आधी जाईल’ या कलम २५-जीच्या नियमाने त्याचा नंबर पहिला आला असता. शेवटी सलग सेवेचे वाक्य करारनाम्यात आले आणि फरकाची रक्कम त्याने सोडली. फरक सोडणे अन्यायाचेच होते, तरीही या परिस्थितीत मी त्याला हाच सल्ला दिला असता.

ज्यांनी मार्चमध्ये सह्या केल्या, त्यांचेही सगळे गेले असे नाही. केलेल्या कामाचे वेतन, न घेतलेल्या रजेचा पगार आणि त्या वर्षाचा बोनस हे वैधानिक हक्क आहेत. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे असे हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. ‘दावा शिल्लक नाही’ या छापील ओळीने कमावलेला पगार बुडत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतर

त्या दिवशी १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता आणि सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, आणि आज असेच पत्र घेणाऱ्याची स्थिती काहीशी वेगळी आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीला आता स्वतःची व्याख्या आहे: करार लेखी हवा, कामाचे तास, वेतन, भत्ते आणि इतर लाभ तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी असता कामा नयेत, आणि एक वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते. समान वेतनाचा हा मुद्दा नूतनीकरणाच्या वेळी मागण्यासारखा आहे, कारण तो हेतू सिद्ध करण्यावर अवलंबून नाही. दुसरीकडे, मुदत पूर्ण झाल्यामुळे संपलेली नोकरी कपातीच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे, आणि किती वेळा नूतनीकरण करता येईल यावर कोणतीही मर्यादा नाही. ब्रिटनमध्ये २००२ च्या नियमांनुसार सलग मुदतीच्या करारांची चार वर्षे झाली की, मालकाकडे पटण्याजोगे कारण नसेल तर, नोकरी कायम मानली जाते. आपल्या संहितेत असा कोणताही आकडा नाही. तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवण्याची प्रथा संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित म्हणून कायम आहे, तेवढाच आधार उरतो.

आणि ११ महिन्यांचा करार नव्या कायद्यातही बेतलेलाच राहतो, कारण तो ग्रॅच्युइटीच्या एका वर्षाला बरोबर एक महिना कमी पडतो. दोन करारांच्या मधले सात दिवस खरोखर खंड होते की फक्त कागदावरचे, हा वाद आता पहिल्याच नूतनीकरणापासून सुरू होईल, आणि तो लढण्यासाठी लागणारी पगारपत्रके, पीएफची पाने आणि ब्रेकमधले फोन व व्हाउचर पहिल्या करारापासूनच जपून ठेवावे लागतील.